किल्ली फिरवली की बरा होणारा गिअरबॉक्स

प्रश्न : माझ्याकडे १९९४ सालची शेव्हरले सी१५०० पिकअप आहे. ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, १,८७,००० मैल झालेले. दोन महिन्यांपासून तिने एक खोड धरली आहे. अर्धा तास रहदारीत चालवली की एखाद्या सिग्नलवरून निघताना ती उचलच घेत नाही, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी रेंगाळते. अशा वेळी रिव्हर्स किंवा डी टाकला की खाडकन धक्का बसतो आणि कधीकधी इंजिनचा दिवा लागतो. बाजूला घेऊन बंद केली आणि पुन्हा सुरू केली, की काही झालेच नाही अशी पळते. पाऊस पडून गेला की हा प्रकार वाढतो. स्पीडोमीटर मात्र व्यवस्थित चालतो. एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटे चालवून पाहिली आणि ‘गिअरबॉक्स गेला, उघडून पुन्हा भरावा लागेल, २,८०० डॉलर’ असे सांगितले. मित्र म्हणतो, सगळे सोलेनॉइड (गिअरबॉक्समधल्या विजेवर चालणाऱ्या झडपा) बदलून टाक. कोल्हापूरचे माझे काका पूर्वी ट्रक चालवायचे, ते फोनवर म्हणतात, आधी ऑइल बदल. गाडीची किंमतही तेवढी उरलेली नाही, पण ती मोडीत काढायला मन होत नाही. घरी मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो. काय करावे?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाताजाता लिहून टाकले आहे. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ती ठीक चालते, असे तुम्ही म्हणता. झिजलेली क्लचप्लेट, फाटलेले सील किंवा तुटलेला गिअर यांना किल्ली फिरवल्याचे काही कळत नाही. बंद करण्यापूर्वी ते जसे होते तसेच सुरू केल्यानंतरही राहतात. किल्ली फिरवल्याचे कळते ते कंप्युटरला आणि त्याच्याशी जोडलेल्या वायरिंगला. त्यामुळे २,८०० डॉलरचा निर्णय निदान दोन शनिवार पुढे ढकलावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्या दोन शनिवारांत काय करायचे ते सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीत जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा चार गिअरांचा गिअरबॉक्स आहे. ‘आपल्याकडचा’ ट्रक डोळ्यांसमोर असलेल्या काकांना हे आधी सांगावे लागेल, की इकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात आणि या ट्रकचे गिअर ना माणूस टाकतो ना निव्वळ ऑइलचा दाब. १९९२ पर्यंतच्या पिकअपमध्ये याच घराण्यातला जुना गिअरबॉक्स असे आणि त्यात विजेचे काम जवळजवळ फक्त टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक करण्यापुरते होते; गिअर बदलण्याचे काम गव्हर्नर (गाडीच्या वेगाप्रमाणे ऑइलचा दाब बदलणारा भाग) आणि थ्रॉटलची केबल करीत. १९९३ पासून गव्हर्नर गेला आणि त्याच्या जागी दोन लहान सोलेनॉइड आले. त्यांतील पहिल्याला आपण ‘अ’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘ब’. पहिल्या गिअरमध्ये दोन्ही चालू असतात, दुसऱ्यात फक्त ‘ब’ चालू असतो, तिसऱ्यात दोन्ही बंद असतात आणि चौथ्यात फक्त ‘अ’ चालू असतो. हा एवढा तक्ता कागदावर लिहून गाडीत ठेवा, कारण पुढचे सारे निदान त्याच्यावरच उभे आहे.

आता दोन्ही सोलेनॉइडांची वीज गेली तर काय होईल, हे त्या तक्त्यावरूनच दिसते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये राहील आणि तिसऱ्यातूनच निघेल. या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण ३.०६ आहे आणि तिसऱ्याचे १, म्हणजे निघताना चाकांना मिळणारा जोर जवळजवळ एक तृतीयांश होतो. ‘कोणी मागून धरून ठेवल्यासारखी’ हे तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. शिवाय सोलेनॉइडच्या वायरीत बिघाड आहे असे कंप्युटरच्या लक्षात आले, की तो क्लच घसरून जळू नयेत म्हणून ऑइलचा दाब मुद्दाम कमाल पातळीवर नेतो आणि म्हणून डी किंवा रिव्हर्स टाकताना धक्का बसतो. ज्या धक्क्याला तुमच्या गॅरेजवाल्याने मरणाची घरघर मानले, तो गिअरबॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा असण्याची शक्यता जास्त आहे. किल्ली बंद केली की कंप्युटर ही सावधगिरी सोडून देतो, सुरू केल्यावर पहिल्यापासून तपासणी करतो आणि बिघाड पुन्हा दिसेपर्यंत गाडी नेहमीसारखी चालवतो.

काकांचा सल्ला चुकीचा नाही, पण या दुखण्याचा नाही. मित्राचा सल्ला मात्र ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ या जातीचा आहे. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे आणि एक लहानसा झडपेचा दांडा. ते बिघडत नाहीत असे नाही, परंतु तीस वर्षे उन्हापावसात, एक्झॉस्टच्या धगीत आणि रस्त्यावरच्या चिखलात काढलेले त्यांचे बाहेरचे वायरिंग त्यांच्या कितीतरी आधी बिघडते.

पहिले काम कोड, म्हणजे कंप्युटरने नोंदवून ठेवलेले बिघाडांचे क्रमांक, वाचण्याचे. त्याआधी बॅटरीच्या टर्मिनलला हात लावू नका, कारण या पिढीच्या गाड्यांत बॅटरी काढली की साठवलेले कोड पुसले जातात आणि दोन महिन्यांचा पुरावा हातचा जातो. तुमच्या गाडीला आजचा सोळा पिनांचा स्कॅनर लागणार नाही. डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगजवळ बारा घरांचे एक सॉकेट आहे. त्याच्या वरच्या ओळीतील उजवीकडची शेवटची दोन घरे, म्हणजे ए आणि बी, किल्ली बंद असताना कागदाच्या क्लिपने जोडा. मग इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ऑनवर आणा. इंजिनचा दिवा एकदा लुकलुकेल, थोडा थांबेल आणि दोनदा लुकलुकेल. हा १२ क्रमांकाचा कोड असून वाचन सुरू झाल्याची ती खूण आहे, तो बिघाड नव्हे. १२ तीनदा दाखवून झाले की साठवलेला प्रत्येक कोड तीन-तीनदा येतो. सगळे कोड लिहून घ्या.

तुम्हाला ज्यांची अपेक्षा ठेवायची ते कोड असे : ८१ हा ‘ब’ सोलेनॉइडच्या सर्किटचा, ८२ ‘अ’ सोलेनॉइडच्या सर्किटचा, ७३ दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडचा, २४ आणि ७२ वेगाच्या सिग्नलचे, ७५ कमी व्होल्टेजचा. इथे बरेच लोक चुकतात. कोड ८२ आला की ते ‘अ’ सोलेनॉइड विकत आणतात. कोडचे म्हणणे एवढेच असते, की त्या सर्किटमध्ये कंप्युटरला अपेक्षित व्होल्टेज दिसले नाही. त्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, फ्यूजपासून गिअरबॉक्सपर्यंतची वायर आहे, जोडणीचे सॉकेट आहे, आतले वायरिंग आहे, सोलेनॉइड आहे, परतीची वायर आहे आणि शेवटी खुद्द कंप्युटर आहे. त्या सर्वांत सोलेनॉइड हा एक मानकरी, एकटा आरोपी नव्हे.

आणि एकापेक्षा जास्त कोड आले तर घाबरण्याऐवजी खरे तर आनंद व्हायला हवा. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही सोलेनॉइडांना बारा व्होल्टचा पुरवठा एकाच वायरीने होतो आणि कंप्युटर प्रत्येकाची अर्थची बाजू वेगवेगळ्या वायरीने जोडतो किंवा तोडतो. म्हणून ८१ आणि ८२ बरोबर आले, तर एकाच आठवड्यात दोन सोलेनॉइड गेले असे समजण्यापेक्षा दोघांच्या सामाईक पुरवठ्यात खोट आहे असे समजणे शहाणपणाचे. वाड्यातल्या सगळ्या खोल्यांचे दिवे एकदम गेले तर आपण बल्ब बदलत बसत नाही, आधी मेन स्विच पाहतो. उलट ८२ एकटाच वारंवार येत असेल, तर शोध ‘अ’च्या स्वतःच्या वायरीत आणि सोलेनॉइडमध्ये करायचा.

कोड लिहून झाल्यावर बॅटरीकडे वळा. यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर मीटरची एक लीड आणि इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर दुसरी ठेवून, हेडलाइट आणि पंखा चालू असताना मोजा. एक दशांश व्होल्टच्या आसपास आले तर अर्थिंग ठीक, अर्धा व्होल्ट आले तर निगेटिव्ह केबल आणि इंजिनमागून फायरवॉलकडे (इंजिन आणि कॅब यांच्यामधल्या पत्र्याकडे) जाणारी विणलेली पट्टी साफ करून पुन्हा घट्ट करा. मीटर एसीवर ठेवून अल्टरनेटरची लहर, म्हणजे त्याच्या डीसीत मिसळून येणारी एसी, हीही पाहून घ्या. ती अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आतला, एसीची डीसी करणारा डायोड गेला आहे. स्वस्त मीटर एसीच्या बटनावर बॅटरीचे २८-३० व्होल्ट दाखवतात आणि लीड उलटवल्या की शून्य दाखवतात. तुमचा तसा असेल तर या एका मोजणीपुरता दुसऱ्याचा मागून आणा. ही लहर क्षुल्लक वाटते खरी, पण १९९८ नंतरच्या कमिन्स डिझेल इंजिनच्या डॉज पिकअपमध्ये टॉर्क कन्व्हर्टर सारखा लॉक-अनलॉक होत राहण्याच्या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच कारण निघाले आहे आणि तोवर मालकाने गिअरबॉक्सवर बराच पैसा ओतलेला असतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे तो सामाईक पुरवठा. फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही आणि मीटरने व्होल्टेज पाहणे तर फसवे आहे. कसे ते आकड्यांत पाहा. एका सोलेनॉइडचा रोध थंड असताना सुमारे २० ओहम असतो. पहिल्या गिअरमध्ये दोन्ही एकदम चालू असल्याने दोघांचा मिळून १० ओहम होतो. समजा, पुरवठ्याच्या वायरीत कुठे तरी हिरवा गंज धरून १० ओहमचा रोध तयार झाला आहे. इंजिन चालू असताना लाइनमध्ये १३.५ व्होल्ट आहेत. त्यातले निम्मे त्या गंजातच खर्च होतात आणि प्रत्येक सोलेनॉइडच्या वाट्याला पावणेसात व्होल्टच येतात, तेवढ्यात झडप नीट उचलली जाईल याची खात्री नाही. मात्र सॉकेट काढून तुम्ही मीटर लावलात तर मीटरचा स्वतःचा रोध लाखो ओहमांचा असल्याने त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, गंजात काही खर्च होत नाही आणि मीटर ऐटीत पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ‘व्होल्टेज तर बरोबर आहे, म्हणजे बॉक्सच गेला’ हा निष्कर्ष गॅरेजांमध्ये किती वेळा असाच काढला जातो, ते मी पाहिलेले आहे.

याच हिशेबातून तुमच्या तक्रारीचा आणखी एक धागा उलगडतो. त्या पुरवठ्यावर सर्वांत जास्त भार पहिल्या गिअरमध्ये असतो, कारण तेव्हाच ‘अ’ आणि ‘ब’ दोघेही वीज मागत असतात; तिसऱ्यात दोघांनाही काही नको असते. म्हणून हायवेवर तासन्‌तास निमूट चालणारी गाडी सिग्नलला थांबून पहिला गिअर मागितला की अडते. अर्धवट रोधाच्या अशा बिघाडात कंप्युटर कोड नोंदवेलच असेही नाही, कारण त्याला सर्किट तुटलेले दिसत नाही, फक्त अशक्त असते. कोड नसला म्हणजे वायरिंग निर्दोष, असे म्हणूनच समजू नका.

तेव्हा तपासणी भार टाकून करायची. गाडी सपाट फरशीवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळे) लावा आणि खाली जायचे असेल तर गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. एक्झॉस्ट थंड झालेला असू द्या. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, म्हणजे अमेरिकेतल्या गाडीत प्रवाशाच्या बाजूला, एक गोल बहुपिनी सॉकेट बसवलेले दिसेल. किल्ली बंद करून त्याचे दोन्ही कान दाबा आणि ते सरळ ओढून काढा. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. ई हे घर पुरवठ्याचे. एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याची एक वायर वायरिंगच्या बाजूच्या ई घरात मापाच्या पिनेने लावा, दुसरी चॅसीला. किल्ली ऑन करा. हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे दोन सोलेनॉइड मिळून घेतात त्याहून थोडा जास्तच. बल्ब लख्ख पेटला पाहिजे आणि तो पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी नसावे. बल्ब मिणमिणला तर तुमचा २,८०० डॉलरचा गिअरबॉक्स बहुधा तिथेच वाचला.

बल्ब लख्ख पेटला तरी उठू नका. तो पेटलेला असतानाच सॉकेटपासून वरपर्यंत वायरिंगचा जुडगा हाताने एकेक वीत हलवत जा, वाकवा, हलकेच ओढा आणि बल्बकडे लक्ष ठेवा. ज्या जागी तो लुकलुकेल तिथे तुटलेली तार आहे. हे काम कंटाळवाणे आहे, मान दुखते, धूळ डोळ्यांत जाते. पण या सगळ्या तपासणीतला सर्वांत फलदायी अर्धा तास हाच. विशेषतः एक्झॉस्टचा पाइप ज्या भागाजवळून जातो तिथे वायरींवरचे काळे आवरण वितळून चिकटले आहे का ते बोटांनी चाचपून पाहा. काही वर्षांपूर्वी अशाच एका पिकअपचे सोलेनॉइड मी स्वतः गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उतरवून बदलले होते आणि गाडी पंधरा दिवसांत परत आली होती. दुसऱ्या खेपेला हात फिरवताना सापडले, की वायरिंग धरून ठेवणारी क्लिप तुटली होती आणि एक गुलाबी वायर पाइपवर टेकून तिचे तांबे उघडे पडले होते. ओल्या रस्त्यावर गाडी उसळली की ती पाइपला लागे आणि फ्यूज उडे. मालकाने प्रत्येक वेळी फ्यूज बदलला होता, पण मला ते सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. तुमचा फ्यूज आजवर कधी उडाला होता का, हे आठवून पाहा.

आता सॉकेटच्या आत टॉर्च मारून पाहा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर पाणी शिरते आहे आणि पावसानंतर त्रास वाढतो त्याचा उलगडा तिथेच झाला. लालसर ऑइल दिसले तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या पिनांच्या तुकड्याची रबरी रिंग गळते आहे. ऑइल स्वतः वीज वाहत नाही, परंतु ते बारीक कचरा आणते आणि सॉकेटचे सील फुगवून ढिले करते, मग पाण्याला वाट मिळते. इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरने दोन्ही बाजू धुवा, पूर्ण वाळू द्या. त्यानंतर प्रत्येक घराची पकड तपासा : त्याच मापाची नवी पिन आत सरकवली असता ती थोडी अडखळत जायला हवी आणि सॉकेट उलटे धरले तरी पडता कामा नये. सैल घर सापडले तर ते टर्मिनल बदला. पक्कडीने दाबून घट्ट केलेले टर्मिनल चार-सहा महिन्यांत पुन्हा सैल होते. इथे एक ताकीद देतो. मीटरची जाड सुई या घरांत कधीही खुपसू नका. घर फाकते आणि जो बिघाड शोधायला गेलो तो आपणच तयार करून येतो. वायरीच्या आवरणात टाचणी टोचून मोजण्याची सवयही सोडा, कारण त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते.

सॉकेट सुटलेले असतानाच गिअरबॉक्सच्या बाजूचे रोध मोजून घ्या, दहा मिनिटांचे काम आहे. ई ते ए हा ‘अ’ सोलेनॉइड, ई ते बी हा ‘ब’. दोन्ही थंड असताना २० ओहमच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळपास असायला हवेत. सी ते डी हा दाबाचा सोलेनॉइड, तो ३ ते ५ ओहमचा. एल ते एम हा ऑइलच्या तापमानाचा सेन्सर, तो २० अंश सेल्सिअसला साधारण साडेतीन हजार ओहम दाखवतो आणि गरम होईल तसा झपाट्याने उतरत १०० अंशांना दोनशेच्या खाली येतो. यांतील ए, बी, सी, डी, ई यांपैकी कोणत्याही पिनेपासून गिअरबॉक्सच्या धातूच्या खोक्यापर्यंत मीटरने काहीही जोड दाखवू नये.

मात्र तुमची गाडी थंड असताना बिघडतच नाही. म्हणून हीच मोजणी तिने खोड काढल्यानंतर लगेच, गरम असताना, एक्झॉस्टपासून हात जपून पुन्हा करा. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो. २० ओहमचे वेटोळे १०० अंशांना २६ ओहमच्या घरात जाते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण एखादे वेटोळे थंड असताना २० आणि गरम असताना अनंत रोध दाखवत असेल, किंवा हलवताना आकडा उड्या मारत असेल, तर दोष आतल्या वायरिंगमध्ये किंवा त्या सोलेनॉइडमध्ये आहे. तेव्हा मित्राचे ऐका, पण अर्धेच. आतले वायरिंग आणि तो विशिष्ट सोलेनॉइड यांपर्यंत खालचा पॅन आणि फिल्टर काढून पोहोचता येते, गिअरबॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही. पॅन उतरवलाच आहे तर फिल्टर बदला आणि डेक्सरॉन-३ च्या दर्जाचे नवे ऑइल भरा, म्हणजे काकांचेही समाधान होईल. एकदा पॅन उतरवला की पाचेक लिटर ऑइल बदलले जाते, बाकीचे कन्व्हर्टरमध्येच राहते.

इतर संशयितांकडे मी मुद्दाम फारसे वळलो नाही. वेगाचा सेन्सर बिघडला असता तर स्पीडोमीटरचा काटा थरथरला किंवा शून्यावर पडला असता, कारण तुमच्या गाडीत काटा आणि कंप्युटर दोघेही एकाच सेन्सरवर अवलंबून आहेत. तुम्ही तो ठीक चालतो असे लिहिले आहे. थ्रॉटलचा सेन्सर खराब असता तर गाडी चालत असताना गिअर उगाच वर-खाली झाले असते. ब्रेकच्या दिव्याचा स्विच चिकटला असता तर हायवेवर टॉर्क कन्व्हर्टर लॉक झाला नसता आणि इंजिनचे फेरे नेहमीपेक्षा जास्त राहिले असते, पण निघताना गाडी अडली नसती. एक शक्यता मात्र ध्यानात ठेवा. बल्बची चाचणी उत्तम झाली आणि वायरिंग, सॉकेट, सोलेनॉइड यांपैकी कशातच काही सापडले नाही, तर इग्निशन स्विचकडे जा. तीस वर्षे वापरलेल्या स्विचचे आतले कॉन्टॅक्ट काळे पडून तापतात आणि पुरवठा क्षणभर तुटतो. किल्ली बंद-चालू केली की ते पुन्हा नीट टेकतात. बल्ब लांब वायरीने कॅबमध्ये आणून, सॉकेट जागेवर असताना ट्रान्समिशनच्या फ्यूजच्या पुढच्या बाजूला जोडा आणि किल्ली हलकेच डावी-उजवी हलवून पाहा. तुमच्या किल्लीच्या जुडग्यात घराच्या, शेडच्या, टपालपेटीच्या अशा पाव किलो किल्ल्या लटकत असतील, तर त्या आजच वेगळ्या करा.

वीज निर्दोष असताना बॉक्सच गेल्याची लक्षणे वेगळी असतात. रिव्हर्स अजिबात लागत नाही आणि त्याबरोबर दुसरा व चौथा गिअरही नाहीसा होतो, तेव्हा आतला सन शेल (मधल्या गिअरला फिरवणारे धातूचे कवच) तुटलेला असतो. या गिअरबॉक्सचे ते ओळखीचे दुखणे आहे. इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी वेग घेत नाही, ऑइल काळे पडून करपल्याचा वास येतो, पॅनमध्ये धातूचे तुकडे सापडतात, अशा वेळी मल्टिमीटर कपाटात ठेवून द्यावा. यांतले एकही लक्षण तुमच्या पत्रात नाही. डिपस्टिक ओढून ऑइल पांढऱ्या कागदावर टेकवा आणि वास घ्या, म्हणजे तुमचीही खात्री होईल.

दुरुस्ती होईपर्यंत दोन पथ्ये पाळा. खोड सुरू झाली की तशीच चालवत घरापर्यंत नेऊ नका, कारण तिसऱ्या गिअरमधून पुन्हा पुन्हा निघताना टॉर्क कन्व्हर्टर आतल्या आत घुसळत राहतो, ऑइल उकळते आणि आज जो दोष वायरीत आहे तो महिन्याभरात खरोखरच क्लचपर्यंत पोहोचतो. बाजूला घ्या, बंद करा, पुन्हा सुरू करून निघा. आणि तोपर्यंत मागे ट्रेलर जोडू नका.

एवढे करूनही गॅरेजला जाण्याची वेळ आली, तर ‘बॉक्स पाहा’ असे मोघम सांगू नका. कोडचे आकडे, भाराखाली मोजलेले पुरवठ्याचे व्होल्टेज, थंड आणि गरम असतानाचे रोध हे एका कागदावर लिहून कारागिराच्या हातात द्या, आणि काही उघडण्यापूर्वी ऑइलचा दाब गेजवर मोजून तो आकडा तुम्हाला दाखवावा असे सांगा. निदानाचे वेगळे पैसे मागितले तर आनंदाने द्या. आणि कागद पाहण्याआधीच जो २,८०० चा आकडा सांगेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.